ट्रॅक्टरची जळलेली तार व मालकाची जबाबदारी

आपल्या शेतकरीवर्गांत ट्रॅक्टर ही आतां नवलाची वस्तु राहिली नाहीं. नांगरट, पेरणी, मळणी, उसाची वाहतूक, हीं सारीं कामें त्याच्या जिवावर चालतात. तेल केव्हां बदलावें, टायरांत हवा किती असावी, याकडे बहुतेक मालक जातीनें लक्ष पुरवितात. परंतु बोनेटखालून गेलेल्या तारांच्या जुडग्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. बॅटरी शॉर्ट होऊन धूर निघाला म्हणजे धांवाधांव होते. मग जळलेल्या तारा पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून, यंत्र पुन्हां रानांत जातें आणि प्रकरण मिटलें असें सर्वांस वाटतें. आमच्या मतें खरा धोका तेथून पुढें सुरू होतो, व त्याची जबाबदारी ड्रायव्हरावर नसून मालकावर आहे.

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टांची असते. इतक्या दाबानें माणसास झटका बसत नाहीं, म्हणून ती निरुपद्रवी आहे असा समज रूढ झाला आहे. परंतु झटका बसणें आणि आग लागणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आग लागते ती प्रवाहाच्या जोरानें. पुढच्या ५५ वॅटच्या दोन दिव्यांस मिळून सुमारें ९ अँपिअर प्रवाह पुरतो. तीच बॅटरी शॉर्ट झाली असतां क्षणांत कित्येक शेंकडे अँपिअर सोडते. बॅटरीचें ऋण टोक सांगाड्यास जोडलेलें असल्यामुळें यंत्राचें सारें लोखंडी अंग त्या टोकाप्रमाणेंच असतें. धन बाजूची तार कोठेंहि उघडी पडून लोखंडास टेकली कीं काम झालें. टोकावरील झाकण हरवून सैल बॅटरी बोनेटास लागणें, पत्र्याच्या धारेवर तार घासणें, उभ्या यंत्रांत उंदरांनीं आवरण कुरतडणें, आणि टेप किंवा जादा दिवे फ्यूजवांचून थेट बॅटरीवरून घेणें, हीं शॉर्टचीं नेहमींचीं कारणें होत. चारहि टाळतां येण्याजोगीं आहेत.

आतां घाईच्या दुरुस्तीचा विचार करूं. जळून काळी पडलेली तांब्याची तार पिळून जोडली तर सांध्यांत रोध राहतो. तो अवघा एकदशांश ओहम धरला व त्यांतून २० अँपिअर प्रवाह वाहिला, तर तेथें ४० वॅट उष्णता उत्पन्न होते. रेडिओ दुरुस्त करणारा ज्या तापल्या हत्यारानें डाग देतो, त्याची उष्णता साधारण इतकीच असते. म्हणजे चिकटपट्टीच्या आंत असें तापलेलें हत्यार ठेवून आपण रान नांगरीत असतों, आणि शेजारूनच डिझेलची नळी गेलेली असते. पुढें कडब्याची गंजी असो वा ट्रॉलींत ऊस असो, ठिणगीस निमित्त पुरतें.

याहून वाईट चाल फ्यूजची. १५ अँपिअरचा फ्यूज दोनदां उडाला कीं त्याच्या जागीं जाड तार, खिळा किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद बसविला जातो. फ्यूज पुन्हां पुन्हां उडतो हा त्याचा दोष नव्हे. पुढें कोठें तरी दोष आहे, एवढेंच तो सांगत असतो. राखणीचें कुत्रें भुंकतें म्हणून त्याचें तोंड बांधणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. मग येथेंच तसें वागण्यांत हुशारी कसली? फ्यूज कांहीं रुपयांत मिळतो. जळलेलें तारांचें संपूर्ण जुडगें नवें घ्यावयाचें तर हजारो रुपये मोजावे लागतात.

नीट दुरुस्ती कशी असावी, हें मालकास स्वतः ठाऊक असावें. स्वतःच्या हातानें ती केली नाहीं तरी चालेल. पण दुसऱ्यानें केलेली ओळखतां आली पाहिजे. बॅटरी उतरवितांना प्रथम ऋण टोक सोडावें व बसवितांना तें शेवटीं जोडावें. ऋण टोक जोडलेलें ठेवून धन टोक सोडूं लागलें आणि पाना लोखंडास लागला, तर पान्यांतूनच शॉर्ट होतो. चार्ज होतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. तो हवेंत शेंकडा ४ इतका मिसळला तरी ठिणगीनें पेट घेतो. सबब तेथें विडी ओढूं नये. फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी पुन्हां वापरूं नये. सांडलेलें आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावें.

दोष शोधण्याची एक सोपी रीत आहे. सर्व खटके बंद करून, बॅटरीचें ऋण टोक व त्याची तार यांच्यामध्यें इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा जोडावा. दिवा लख्ख पेटला तर शॉर्ट अद्याप कायम आहे असें समजावें. मग एकेक फ्यूज काढीत जावें. जो काढतांच दिवा विझेल, त्याच्या शाखेंत दोष आहे. सारे फ्यूज काढूनहि दिवा पेटत राहिला, तर स्टार्टरची जाड तार, अल्टरनेटर व फ्यूजवांचून घेतलेल्या जादा तारा तपासाव्या. या दिव्यांतून दोन अँपिअरांहून अधिक प्रवाह जात नाहीं, म्हणून तपासणीच्या वेळीं आणखी तारा जळण्याचें भय नसतें.

जळका भाग दोन्ही बाजूंस चकचकीत तांबें लागेपर्यंत कापून टाकावा. लगतच्या तारांचें आवरण कडक, चिकट किंवा भेगाळलेलें असेल तर त्याहि बदलाव्या. नवी तार जुन्या तारेच्याच जाडीची असावी. बारीक तार घालून काटकसर करूं नये. ट्रॅक्टर सदा हादरत असतो. डाग दिलेली तार डागाच्या कडेस ताठ होते व हादऱ्यांनीं नेमकी तेथेंच तुटते. म्हणून योग्य मापाचें थिंबल किंवा तांब्याची नळी चिमट्यानें दाबून सांधा करावा व त्यावर तापविल्यावर आकसणारी नळी चढवावी. जुडग्यांतील सर्व सांधे एका जागीं न आणतां मागेंपुढें ठेवावे, आणि पत्र्याच्या भोंकांतून तार जाते तेथें रबरी कडें बसवावें. ५० अश्वशक्तींवरील नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयींचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यांपैकीं ज्यांत डिझेलचें नियमन इलेक्ट्रॉनिक पेटी करते, त्यांच्या तारांस अंदाजानें हात लावूं नये. तें काम जाणत्याकडेच द्यावें.

यावर कोणी म्हणेल, “वाफसा दोन दिवसांचा, एवढी बारकाई करण्यास सवड कोठून आणावी?” हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु त्यास उत्तर आहे. सारें जुडगें त्याच दिवशीं बदलावें असें कोणीच म्हणत नाहीं. जळलेली शाखा दोन्ही टोकांस सोडवून पूर्ण अलग करावी, आणि स्टार्टर व अल्टरनेटर यांच्या तारा निर्दोष आहेत अशी खात्री करून दिवसा शेतांतील काम उरकावें. मात्र मागचे दिवे बंद असलेली ट्रॉली रात्रीं रस्त्यावर नेऊं नये. तसेंच, जुन्या धर्तीचें डिझेल इंजिन एकदां सुरू झालें कीं बॅटरीवांचून चालतें, म्हणून चालू इंजिनाची बॅटरी काढणारेहि आढळतात. त्यानें अल्टरनेटर निकामी होण्याचा संभव असतो.

शेवटीं मुख्य मुद्दा. धूर निघतो तेव्हां मालक घरीं असतो आणि ड्रायव्हर यंत्रावर. “कसेंहि कर, पण आज रान उरक,” असा निरोप ज्यानें पाठविला, त्यानेंच फ्यूजच्या जागीं खिळा बसविला असें आम्ही समजतों. तारेचा वास आल्यास यंत्र उभें करण्याची मोकळीक ड्रायव्हरास असली पाहिजे, व त्याबद्दल त्याची मजुरी कापली जातां कामा नये. त्याच्या बैठकीपाशीं कोरड्या भुकटीचें अग्निशामक नळकांडें असावें. बॅटरीवर मुख्य खटका बसवावा. रात्रीं तो बंद केल्यास उंदरांनीं तार कुरतडली तरी आग लागणार नाहीं.

हें काम आपलें नव्हे असें मानण्याचें कारण नाहीं. इ. स. १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर गांवोगांव पोहोंचले, तेव्हां त्यांचा फाळ बदलण्यास आपले वाडवडील शिकलेच. आपल्या संघानें गांवोगांवच्या सभासदांसाठीं एक पेटी ठेवावी, अशी आमची सूचना आहे. तींत व्होल्ट व ओहम मोजण्याचें मीटर, थिंबल दाबण्याचा चिमटा, तीन जाडींच्या तारा, निरनिराळ्या मापांचे फ्यूज व तपासणीचा दिवा असावा. ती अल्प भाड्यानें मिळावी, आणि हंगामापूर्वीं एक दिवस मालक व ड्रायव्हर यांस एकत्र बसवून तिचा उपयोग शिकवावा. या पेटीचा खर्च एका जळलेल्या ट्रॅक्टरच्या किंमतीपुढें नगण्य आहे. सभासदांनीं येत्या बैठकींत हा विषय अवश्य काढावा.