बंडामागील प्रेरणा आणि अनुबोधपट

बंडखोरांवर अनुबोधपट काढणाऱ्यांच्या हाती एखादा मृत्यू लागला, की प्रेरणेचा शोध बहुधा तेथेच थांबतो. स्नेहलता रेड्डी यांच्या बाबतीत हा मोह फार मोठा आहे. बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या निमित्ताने २ मे १९७६ रोजी त्यांना अटक झाली आणि 'मिसा'खाली बंगलोरच्या मध्यवर्ती कारागृहात डांबण्यात आले. त्या दम्याच्या रुग्ण होत्या. प्रकृती पुरती ढासळल्यावर १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोलवर सोडले. पाचच दिवसांनी त्यांचे निधन झाले. अंतिम आरोपपत्रात त्यांचे नावही नव्हते! रात्रीच्या शांततेत त्यांच्या किंकाळ्या ऐकू येत, असे त्याच कारागृहात स्थानबद्ध असलेल्या मधु दंडवते यांनी नमूद केले आहे.

एवढ्यावर चित्रपट उभा राहतो, प्रेक्षक हळहळतो. राज्यसत्तेला ही हळहळ फारशी जाचत नाही. 'संस्कार' (१९७०) मध्ये चंद्रीची भूमिका करणारी, नाट्यकलेत रमलेली, सुस्थितीतील एक स्त्री भूमिगत जॉर्ज फर्नांडिस यांच्या सहकाऱ्यांत का गेली, हा प्रश्न मात्र जाचतो. त्याचे उत्तर केवळ मनस्वी स्वभावात शोधणे म्हणजे लोहियांच्या विचारांशी या रेड्डी दांपत्याची असलेली बांधिलकी पुसून टाकणे होय.

इतिहासकार उमा चक्रवर्ती यांच्या 'प्रिझन डायरीज' या अनुबोधपटाला स्नेहलतांच्या तुरुंगातील रोजनिशीचा आधार आहे, हे म्हणूनच मोलाचे. रोजनिशी लिहिणारी व्यक्ती अजून हुतात्मा झालेली नसते. उद्याचे तिला ठाऊक नसते. स्त्री-कैद्यांची मारहाण थांबावी, त्यांना धड अन्न मिळावे, यासाठी स्नेहलता तुरुंगातही झगडल्या. त्यांची प्रेरणा या झगड्यात जितकी उघड दिसते तितकी कोणत्याही श्रद्धांजलीत दिसत नाही.

अशा चित्रपटापुढे डाव्यांनाही निर्दोष प्रेक्षक म्हणून बसता येत नाही. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता. ती चूक १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात मान्य करावी लागली. त्या पाठिंब्यामागील प्रेरणांचीही अशीच तपासणी कोणी कॅमेऱ्यापुढे करील काय?

त्या कारागृहाचे २००८ मध्ये 'फ्रीडम पार्क' झाले. पुढे बंगळुरूतील मोर्चे व धरणी याच आवारापुरती मर्यादित करण्यात आली. जानेवारी २०२३ मध्ये अंगणवाडी सेविका येथेच ठिय्या देऊन बसल्या होत्या. त्या का बसल्या, हे विचारायला कोणाच्या मृत्यूची वाट पाहावी लागत नव्हती.