पाककृतीच्या वर्गात नापास कोण?

सप्टेंबर आला की अंगणवाडीत टेबलं मांडली जातात. नाचणीचे लाडू, मोड आलेली मटकी, शेवग्याच्या पाल्याचं थालीपीठ! 2018 पासून दरवर्षी होणाऱ्या पोषण माहातलं हे नेहमीचं चित्र. बक्षिसं वाटली जातात, फोटो निघतात. पण पुढे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. 2015-16 मध्ये महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या 36 टक्के मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी होतं. 2019-21 मध्येही आकडा तोच! बायकांमधला रक्तक्षय तर 48 वरून 54 टक्क्यांवर गेला.

म्हणजे हे वर्ग बिनकामाचे का? मुळीच नाही. सहा महिन्यांच्या बाळाला अजूनही कितीतरी घरांत डाळीचं नुसतं पाणी पाजतात. पोट भरतं, ताकद येत नाही. तीच डाळ भातात कुस्करून, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट करून, वर थोडं तेल घालून भरवली तर फरक पडतो. पालेभाजीवर लिंबू पिळावं, जेवणाला लागून चहा घेऊ नये, हे शिकायला पैसे लागत नाहीत.

पण डाळ, तेल, अंडं यांना पैसे लागतातच. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं. डाळ-तेल मात्र दुकानातून आणावं लागतं. शाळेच्या पोषण आहारात 2023 च्या नोव्हेंबरपासून आठवड्याला एक अंडं मिळू लागलं होतं. 2025 च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. एकीकडे आईला प्रथिनांचे धडे, दुसरीकडे लेकराच्या ताटातलं अंडं उचललेलं! मग मूल अशक्त राहिलं की बोल कुणाला? आईलाच.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या बचत गटाने असा वर्ग घ्यायचं ठरवलं तर बदाम-खजुराची पाककृती नको. आधी विचारा, आज घरात काय आहे? त्यातूनच रांधा. वेळ सकाळी अकराची नको. तेव्हा बायका मजुरीवर असतात. संध्याकाळी ठेवा. सासूबाईंना बोलवा, बाप्यांनाही बसवा, कारण बाजारहाटाचा पैसा बहुतेकदा त्यांच्याच खिशात असतो. आणि ग्रामसभेत अंड्याचा विषय मांडा.

आईने शिकायलाच हवं. पण पातेल्यात घालायला काहीतरी असलं, तरच शिकलेलं ताटात उतरेल.