दमेकऱ्याला खुर्चीत बसवू नका

संपादक महोदय,

‘दमेकऱ्यांनी श्रम टाळावेत’ हा आपल्या अंकातील सल्ला घातक आहे. त्यामागचे तीन दावे पाहू.

एक, ‘व्यायामाने दमा बळावतो’. श्रमाने काहींच्या श्वासनलिका तात्पुरत्या आकसतात, एवढेच खरे. तो बहुधा दमा आटोक्यात नसल्याचा इशारा असतो. अशा वेळी औषधोपचार डॉक्टरांकडून तपासून घ्यावा, चालणे सोडू नये. सुरुवातीला दहा मिनिटे हळूहळू वॉर्मअप केल्यानेही त्रास कमी होतो.

दोन, ‘व्यायामाच्या फायद्याचा पुरावा नाही’. आहे. वैद्यकीय संशोधनांच्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार दमेकऱ्यांना व्यायाम सोसतो आणि त्यांचा दमसास वाढतो. विश्रांतीत मोजलेली फुप्फुसांची क्षमता मात्र त्याने फारशी बदलत नाही. म्हणून व्यायाम हा पूरक उपचार आहे; औषधाचा पंप त्याच्या भरवशावर बंद करू नये.

तीन, ‘दमेकऱ्याने धावायचे स्वप्न सोडावे’. ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफ यांना दमा होता. २००३ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये त्यांनी २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा विश्वविक्रम केला.

आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल आणि बुरशी, घरात चुलीचा धूर. अशा घरात दमेकऱ्याला बसवून ठेवणे ही विश्रांती नव्हे. त्याने घाटाच्या चढणीला लगेच भिडू नये; सपाट रस्त्याने, पंप खिशात ठेवून चालावे आणि बोलता येईनासे झाले की थांबावे.

कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, फोंडाघाट (ता. कणकवली)