कृष्णाकाठची सायकल आणि उसाची ट्रॉली

वाईहून मेणवली तीनेक किलोमीटर, तिथून पुढे धोम. मग मागे फिरून भुईंज, लिंब करत संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर उतरायचे. सगळे मिळून साठेक किलोमीटर. पसरणी घाटाच्या वाटेला गेले नाही, तर दम काढणारा चढ फारसा लागत नाही. बेताची सवय असलेला पन्नाशीतला माणूसही दोन दिवसांत हे अंतर सुखाने कापेल. मग ही वाट सायकल सहलीसाठी रीतसर पुढे आणावी का?

आणावी, असे आम्हाला वाटते, आणि त्याचे पहिले कारण गावांचे आहे. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, चंद्रकोरी घाट आहे, वसईच्या विजयानंतर आणलेली चर्चची घंटा आहे. 2004 च्या ‘स्वदेस’मुळे हा घाट घरोघरी पोचला. पण मोटारीने येणारा माणूस फोटो काढतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. सायकलवाल्याला मात्र पाणी लागते, सावली लागते, दर दहा-बारा किलोमीटरवर काहीतरी खायला लागते. लिंबजवळची बारा मोटेची विहीर 1719 ते 1724 दरम्यान, शाहू छत्रपतींच्या काळात बांधली गेली. दुपारच्या उन्हातून आलेला माणूस तिच्या पायऱ्या उतरून गारव्यात बसतो, तेव्हा विहिरीच्या पोटात महाल का बांधला असेल हे त्याला कुणी सांगावे लागत नाही.

तरीही दुसरी बाजू हलकी नाही. सायकलीला उत्तम हवा थंडीतली, आणि तोच उसाच्या गाळपाचा हंगाम. भुईंजला साखर कारखाना आहे. त्या दिवसांत अरुंद गावरस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालतात, ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या चालतात. भरलेल्या ट्रॉलीला पटकन थांबता येत नाही, आणि बाहेर लोंबणारे वाढे शेजारून जाणाऱ्याच्या तोंडावर फटकारा मारू शकते. शिवाय भुईंजच्या आसपास महामार्गाशी गाठ पडतेच. मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला ‘जपून चालवा’ एवढेच सांगून भागणार नाही.

नदीकाठाने सायकलींसाठी वेगळा पक्का मार्ग बांधावा, हे यावरचे सरळ उत्तर वाटते. सुरक्षिततेचा विचार केला तर ते चुकीचेही म्हणता येत नाही. पण काठची जमीन हळदीची, उसाची, पाण्याखालची आहे, आणि वाटण्या होत होत एकेकाच्या वाट्याला थोडीच उरलेली आहे. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी तिच्यातून पट्टा काढणे आम्हाला पटत नाही. रस्ता आधी शेतमालाचा, मग सहलीचा, हा क्रम मान्य करूनच मार्ग शोधायला हवा.

तो काही अंशी पंचांगात सापडतो. गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस घ्या. बहुतेक ऊस अजून उभा असतो, गाळप सुरू व्हायचे असते किंवा नुकतेच झालेले असते. डोंगर हिरवे असतात, कृष्णेला पाणी असते. परतीचा पाऊस मध्येच गाठेल आणि पाणंदीतला चिखल चाकांना धरेल, हे खरे. मात्र भिजणे परवडते, ट्रॉलीखाली येणे परवडत नाही.

दुसरी अट मुक्कामाची. पहाटे निघून दुपारी परत, हा आजचा शिरस्ता आहे. घड्याळाशी शर्यत लावणारे शंभर किलोमीटर मारतात, महामार्गावर नाश्ता करतात आणि गावात काहीच मागे ठेवत नाहीत. त्यांच्या दमाचे कौतुक जरूर करावे, पण या खोऱ्याला गरज साठ किलोमीटरांत दोन दिवस घालवणाऱ्यांची आहे. रात्री एखाद्या घरी पिठलं-भाकरी, सकाळी बचत गटाच्या बायकांनी केलेला नाश्ता, त्याचे पैसे थेट त्यांच्या हातात. तुकडी आठ-दहा जणांची असली की गावावर भार पडत नाही. चाळीस जण एकदम उतरले, तर मेणवलीचा घाट पुन्हा फोटोपुरताच उरेल.

आणि जे थंडीतच येणार, त्यांच्यासाठी एक साधी तजवीज करता येईल. सहलीच्या शुल्कातून दरमाणशी थोडी रक्कम बाजूला काढावी आणि गाळप सुरू होण्याआधी या रस्त्यावरच्या ट्रॉल्यांना व बैलगाड्यांना मागून चमकणाऱ्या लाल पट्ट्या लावून द्याव्यात. अंधारात त्या सायकलवाल्यांच्या उपयोगी पडतील, आणि गाडीवानांच्याही.