मानेच्या रंगाची पावडर

लोणखेड्याच्या आमच्या घरात पावडरचा डबा आरशाशेजारच्या कोनाड्यात असे. डबा एकच, पावडर पांढरी, आणि ती सगळ्यांना चाले. न्हाऊन आलेल्या बाळाला, शाळेत निघालेल्या मला, लग्नाला निघालेल्या काकूला आणि घामोळं उठलेल्या आजोबांनासुद्धा. ती टाल्कम पावडर आहे, ती अंगाला लावायची असते आणि तोंडाची पावडर वेगळी मिळते, हे आमच्या गावीही नव्हतं. टाटांनी १९५२ साली लॅक्मे काढली होती खरी, पण गोमाई ओलांडून आमच्या कोनाड्यापर्यंत ती काही पोचली नव्हती.

१९८४ च्या मे महिन्यात मला पाहायला पाहुणे यायचे होते. मी नुकतीच बँकेत लागले होते. तरी त्या दिवशी घरात काळजी होती ती माझ्या रंगाची. मी सावळी. (आमच्याकडे सांगताना 'निमगोरी' म्हणत. या शब्दाने किती घरांची अब्रू राखली असेल!) मावशीने पफ घेतला आणि भिंतीला चुना द्यावा तसे तीन हात दिले. खानदेशातला मे, त्यात वीज गेलेली. पोह्यांची बशी ठेवायला वाकले तेव्हा कानशिलावरून घामाचा ओघळ निघाला आणि पावडरीतून वाट काढत थेट गळ्यापर्यंत आला. पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई माझ्या मानेकडे बघत राहिल्या. बोलल्या काही नाहीत. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

पुढे मुंबईला बदली झाली. तिथल्या शाखेत वसईच्या एक सहकारी होत्या. एक दिवस म्हणाल्या, "अगं, तोंड एकीचं आणि मान दुसरीची, असं घेऊन रोज कशी येतेस?" राग आला, पण संध्याकाळी त्यांच्याबरोबर दुकानात गेले. त्यांनी दोन-तीन शेड माझ्या जबड्याच्या कडेला, मानेला लागून लावल्या, आणि ट्यूबलाइटखालून मला दारात उजेडात आणलं. मनगटावर लावून बघू नकोस म्हणाल्या, मनगटाचा रंग निराळा असतो. "लावल्यावर जी दिसेनाशी होते, ती तुझी."

चाळीस वर्षांत यापेक्षा शहाणपणाचं मी काही ऐकलेलं नाही. पावडरचं काम तेल आणि घाम टिपायचं, खाली लावलेलं प्रसाधन जागेवर ठेवायचं. गोरं करणं हे तिचं काम नव्हेच. म्हणून ती शेवटी लावावी, थोडी लावावी आणि घासू नये. पफ हलकेच दाबावा, जास्तीची ब्रशने झटकावी. कपाळ, नाक, हनुवटी एवढं पुष्कळ झालं. थंडीत गाल कोरडे पडतात, तिथे लावली की पापुद्रे दिसतात. पर्समध्ये ठेवायला दाबून बसवलेली कॉम्पॅक्ट सोयीची, घरी सुटी बरी. पफ मात्र धुवावा. आम्ही डबा संपला तरी पफ तोच ठेवत असू!

पुष्कळ पावडरींत टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला 'कर्करोगकारक असण्याची बरीच शक्यता' या गटात घातलं. घाबरून डबे फेकायला मी सांगत नाही; पण बाळाच्या तोंडाशी धुरळा उडवणं तरी थांबवावं.

गेल्या हिवाळ्यात भाचीचं लग्न होतं. तिच्यासाठी पावडर घ्यायला शहाद्याच्या बाजारात गेले. काउंटरवर चार शेड, चारही भाचीपेक्षा उजळ. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गडद मागवली तर पडून राहते. सगळ्यांना एक नंबर वरचीच लागते." बँकेत मी आयुष्यभर साठ्याचे तक्ते तपासले आहेत. पडून राहणाऱ्या मालाचं दुःख मला समजतं, त्याच्याशी काय भांडणार? २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला, लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने त्वचेच्या रंगाची चाळणी काढली. आमच्या काउंटरवर मात्र तो रंग अजून नंबराने मोजतात.

पांढऱ्या रंगाशी माझं वैर नाही. आमच्याच जिल्ह्यात काठीच्या होळीला बुध्या होऊन नाचणारे अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालतात. काय देखणे दिसतात! पण तो रंग ठसठशीत दिसावा म्हणूनच लावलेला असतो. ही आपली कातडी आहे, असं कोणाला पटवायचं नसतं.

शेवटी शेड सुरतेहून आणली. लग्नाच्या सकाळी पार्लरवाल्या मुलीचा हात आवरला तशी वहिनी म्हणाली, "अजून एक हात फिरव गं, फोटोत काळी दिसेल." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीला सांगितलं की फोटोत उलटंच होतं. काही पावडरींतले कण फ्लॅशचा उजेड परत फेकतात, आणि जास्तीची पावडर असली की चेहरा पिठात बुडवल्यासारखा येतो. तिला पटलं नाही. नणंद म्हणून गप्प बसली, एवढंच.

महिन्याभराने अल्बम आला. वहिनीने पानं उलटली, काही बोलली नाही, आणि तो भावाच्या हातात दिला. तो पहिल्याच फोटोवर बराच वेळ थांबला. मग मला म्हणाला, "ताई, पोर अगदी आपल्या आईसारखी दिसते गं."

आमची आई सावळीच होती.