सलाईन लावण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा

पशुपालकांनो, घरी कुत्रं-मांजर पाळणाऱ्यांनो, दवाखाने चालवणाऱ्या माझ्या सहव्यावसायिकांनो, हे आवाहन तुम्हा सर्वांना आहे. महाविद्यालयांना सुट्ट्या लागण्याआधी ते तुमच्यापर्यंत पोहोचायला हवं, म्हणून घाईनेच लिहितो आहे.

सुट्टी लागते आणि पशुवैद्यकाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा मुलगा गावी येतो. रात्री कुणाची तरी नुकतीच व्यालेली गाय बसते. दवाखाना बंद, डॉक्टर दुसऱ्या गावात. मग निरोप जातो, ‘तू शिकतोयस ना? मग लाव की एक सलाईन!’ गाय बहुधा चुलत्याचीच असते, नाही म्हणणार कसं? शहरात हेच जरा चकचकीत रूपात चालतं. दवाखान्यात ‘असिस्टंट’ म्हणून बसलेली मुलगी इंजेक्शन देते, औषध लिहून देते, आणि कुत्र्याचा मालक तिलाच डॉक्टर समजून घरी जातो.

बसलेल्या गाईचंच घ्या. दुग्धज्वर असेल तर कॅल्शियम शिरेतून द्यावं लागतं आणि अनेकदा थोड्याच वेळात गाय उठून उभी राहते, म्हणून लोकांना तो हातखंडा प्रयोग वाटतो. पण तीच बाटली भरभर सोडली तर हृदयाची लय बिघडते आणि सुई शिरेत असतानाच गाय जाते. म्हणून अनुभवी डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून बसतो, ठोके चुकायला लागले की धार थांबवतो. शिवाय गाय कॅल्शियमच्याच कमतरतेने बसली आहे, हे कुणी ठरवलं? कासेच्या तीव्र दाहानेही ती बसते, विताना नसेला मार बसला तरी बसते. औषधाच्या मात्रेचंही तसंच. झायलाझिन हे गुंगीचं औषध घोड्याला जेवढं लागतं, त्याच्या साधारण दहावा भाग गाईला पुरतो. हे सगळं मुलाने वाचलेलं असतं. रात्री बॅटरीच्या उजेडात, भोवती दहा माणसं सल्ले देत असताना, ते आठवेलच असं नाही.

आणि त्याच्या स्वतःच्या जिवाचं काय? लाळ गळते, घास गिळत नाही, म्हणून ‘घशात काही अडकलंय का बघ’ असं म्हणत त्याला गाईच्या तोंडात हात घालायला लावतात. ती गाय पिसाळलेली असू शकते. अडकलेली जार उघड्या हाताने काढताना ब्रुसेला या जंतूचा संसर्ग होऊ शकतो. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात देतात ती ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असते. तिची सुई स्वतःच्या बोटात गेली तर माणूस आजारी पडू शकतो. मुलांच्या आई-वडिलांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

कायदा यात अगदी मुका नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कुणालाही पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही, आरोग्याच्या दाखल्यावर सही करता येत नाही. सवलत आहे ती पदविका किंवा प्रमाणपत्र घेतलेल्या पशुधन पर्यवेक्षकांसारख्यांना. तीही राज्य सरकारने आदेश काढला तर, नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी अशा किरकोळ सेवांपुरती. शिकत असलेल्या विद्यार्थ्याचा त्या सवलतीत उल्लेखच नाही. साडेचार वर्षांचा अभ्यास संपवून तो वर्षभराच्या आंतरवासितेला लागतो, तेव्हा राज्य पशुवैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी मिळते. तोवर बाहेर काम करणारा विद्यार्थी कायद्याच्या कोणत्याच खणात बसत नाही. अनर्थ झाला तर त्याच्या पाठीशी उभं राहायला कागदाचा एक चिटोराही नसतो.

याचा अर्थ विद्यार्थ्यांना गोठ्यातून हाकलून द्या असा कुणी घेऊ नये. हात लावल्याशिवाय हे शास्त्र येत नाही, आणि आजच्या विद्यार्थ्याच्या हाताला वळण लागलं नाही तर उद्याचा डॉक्टर तुमच्याच गाईवर शिकेल! शिकू द्या, पण डॉक्टर शेजारी उभा असताना.

म्हणून पशुपालकांना विनंती: सुई टोचण्याआधी ‘डॉक्टर कोण, नोंदणी क्रमांक काय?’ एवढं विचारा. त्यात कुणाचा अपमान नाही. चिठ्ठीवर डॉक्टरचं नाव, सही आणि क्रमांक हवा. अडचणीच्या वेळी 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा. विद्यार्थी ‘मला परवानगी नाही’ म्हणाला तर त्याला भित्रा ठरवू नका, त्याच्याकडून डॉक्टरला फोन लावून घ्या. लक्षणं नीट सांगायला त्याच्याइतका चांगला माणूस गावात दुसरा नसेल.

सहव्यावसायिकांना थोडं कडक बोलतो. आधीच सह्या करून ठेवलेली चिठ्ठ्यांची वही विद्यार्थ्याच्या हाती देऊन घरी जेवायला जाणं आजपासून बंद करा. त्याच्या छातीवर ‘विद्यार्थी’ असं मराठीत ठळक लिहिलेली पट्टी लावा. स्वस्तात मनुष्यबळ मिळतं म्हणून विद्यार्थी ठेवायचा आणि शिकवतो म्हणून मिरवायचं, हे आपल्या व्यवसायाला शोभत नाही.

आणि राज्य पशुवैद्यक परिषद व विद्यापीठ यांच्याकडे मागणी: विद्यार्थ्याने कोणत्या वर्षी, कुणाच्या नजरेखाली, काय करावं हे लेखी ठरवा. ब्रिटनमध्ये पशुवैद्यक विद्यार्थ्यांसाठी असे नियम आहेत. तपासणी डॉक्टरच्या सूचनेने, उपचार देखरेखीखाली, आणि शस्त्रक्रिया करायची तर डॉक्टर सतत शेजारी, अशी पायरी तिथे आखून दिलेली आहे. आपल्याकडे सहायक-विद्यार्थ्याचं ओळखपत्र, त्यावर जबाबदार डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि रेबीजची पूर्वलस घेतल्याची नोंद, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. कायद्यात बदल लागेल तिथे प्रस्ताव दिल्लीला पाठवा. तोवर विद्यापीठाने निदान एक परिपत्रक काढावं, आणि मुलं घरची गाडी धरण्याआधी ते त्यांच्या हातात द्यावं.