ध्वजस्तंभाची सावली

दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. डॉ. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला शोध जाहीर केला होता. प्रतिमापूजन होते, भाषणे होतात, पुठ्ठ्याचे ज्वालामुखी मांडले जातात आणि ते बहुधा पालकांनीच बनवलेले असतात. दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरांचे पाठांतर पुन्हा सुरू होते. ज्याने स्वतः काही मोजले नाही, चुकून पाहिले नाही, त्या बालकाच्या पदरी या उत्सवातून काय पडते?

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीचे ठाणे म्हणून भाविकांना परिचित आहे. त्या पंचक्रोशीत काय किंवा मराठवाड्यात अन्यत्र काय, शाळेसमोर ध्वजस्तंभ असतोच. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन या दिवशी त्याला वंदन होते. एरवी त्याची सावली अंगणात मुकाट फिरत असते.

चौथीच्या मुलांनी ठरावीक वेळाने त्या सावलीच्या टोकाशी एकेक खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावली दक्षिणोत्तर दिशा दाखवते, हे त्यांना कळेल. पण ती बाराच्या ठोक्याला न पडता साडेबाराच्या आगेमागे पडते, हे पाहून ती चक्रावतील. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर चालते, बीड त्याच्या सुमारे सात अंश पश्चिमेस आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. हे उत्तर मग पाठ करावे लागत नाही. या प्रयोगाला खर्च शून्य.

यात परके काहीच नाही. जमिनीवर वर्तुळ आखून, मध्यभागी शंकू रोवून सावलीवरून दिशा ठरवण्याची रीत आपल्या सिद्धान्तग्रंथांत आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दिलेल्या दानाची नोंद चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखात आहे. या परंपरेचा अभिमान जरूर असावा. परंतु आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, एवढे व्यासपीठावरून सांगून परंपरा जिवंत राहत नाही. त्यांनी ज्या डोळसपणे आकाश न्याहाळले, तो डोळसपणा नातवंडांच्या हाती देणे हेच खरे पितृऋण फेडणे होय.

दुसरे उदाहरण पावसाचे. सरळ उभ्या भिंतीची एक बाटली आणि पट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक तयार होतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. तीस चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पडला, तर तीनशे लीटर वाहून जाते. टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या लेकराला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

याच भागातून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुले कधी हंगामी वसतिगृहात राहतात, कधी आईबापांसोबत फडावर जातात. परतलेल्या मुलाला मधले पाठ आलेले नसतात आणि तो मागच्या बाकावर गप्प होतो. त्याच्या हाताला मात्र मोळीचे वजन, बैलगाडीचा तोल, मातीचा ओलावा ठाऊक असतो. पाठांतराच्या वर्गात तो ‘ढ’ ठरतो. प्रयोगाच्या वर्गात कदाचित तोच पुढे येईल. या एका कारणासाठीही कृतीतून विज्ञान हा श्रीमंत शाळांचा छंद राहता कामा नये.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अनुभवाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि, अटल टिंकरिंग लॅब काय किंवा इन्स्पायर मानक काय, या योजना सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. कुतूहल तर सहाव्या वर्षीच जागे असते. पाया मोकळा ठेवून कळस चढवण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

शिक्षकाकडे बोट दाखवून सुटका होणार नाही. दोन वर्ग एकत्र सांभाळायचे, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या, निवडणुकीची कामे करायची, त्यातून प्रयोगाला उसंत कोठून मिळणार? महागड्या साहित्याच्या पेट्याही त्याला नकोत. त्या कपाटात कुलूपबंद राहतात. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमिती उभी राहते, हे अरविंद गुप्ता यांनी दाखवून दिले आहे. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. उणीव साहित्याची नाही, वेळ देणाऱ्या माणसांची आहे.

येथे समाजाचे कर्तव्य सुरू होते. निवृत्त शिक्षक, अभियंते, महाविद्यालयीन तरुण, शाखेचे कार्यकर्ते यांनी जवळची एक शाळा निवडावी आणि महिन्यातील एक शनिवार तिला द्यावा. भाषण करू नये. मुलांसोबत अंगणात बसावे, त्यांचे चुकलेले मोजमाप त्यांनाच पुन्हा करू द्यावे. घरोघरच्या पालकांनी मुलाचा प्रकल्प स्वतः बनवून देण्याचा मोह टाळावा.

ध्वजाला वंदन करायला आपण मुलांना शिकवले, ते योग्यच केले. आता त्याच स्तंभाची सावली मोजायला शिकवू या. राष्ट्र उभे राहते ते अशा डोळस माणसांच्या बळावर.